पहिला खटका

अदेय लेतेब्रहानची फियाट सहाशे
दर शनिवारी मसावाहून वर येताना उकळायची.
खाली समुद्र, वर अस्मारा,
मध्ये सव्वादोन हजार मीटरचा चढ
आणि इंजिन पाठुंगळीला घेतलेली
माझ्याहून चारच वर्षांनी लहान गाडी.

नेफासितपर्यंत कुरकुर नाही.
पुढे, अर्बारोबाच्या अलीकडच्या वळणावर,
जिथे बकऱ्यांच्या मागोमाग धुकंही रस्ता ओलांडतं,
तिथे तांबडा दिवा.

मी तेस्फाझगी. चाळीस वर्षं हात काळे करतोय.
आधी पट्टा पाहिला. अंगठ्याने दाबला,
नको तितका आत गेला. ताणून बसवला.
शनिवारी उकळली.

थर्मोस्टॅट काढून पातेल्यात सोडला.
पाणी तापलं तसा त्याने डोळा उघडला, अगदी वेळेवर.
पातेलं कुणाचं हे पाहून
बायकोने त्याच्या आधीच उघडले होते.

रेडिएटर उलटा केला:
वर्षानुवर्षं नळाचं पाणी प्यायलेला,
आत चुना, गंज, चहाच्या गाळासारखं काहीबाही.
लिंबाचं सत्त्व घालून दोन दिवस धुतला,
पाणी जसं आत गेलं तसंच बाहेर येईस्तोवर.
मग कूलंट, हिरवंगार,
फिलमोनच्या आत्येभावाने दुबईहून
शाम्पूच्या बाटलीत आणलेलं.
निम्मं ते, निम्मं बॅटरीचं पाणी.
चार थेंब सांडले ते लगेच पुसले,
गोड असतं ते विष, मांजरं चाटतात.
शनिवारी उकळली.

तेलाचं झाकण उघडून पांढरा फेस शोधला. नव्हता.
गॅस्केट शाबूत.
आता माझी अब्रू उकळत होती.
कोपऱ्यावरच्या कॉफीवाल्याकडे बोलणं सुरू झालं,
गाडीचे नाही, तेस्फाझगीचेच आटे ढिले झालेत.

मी तिला समजावलं,
उंचावर पाणी लवकर उकळतं, अदेय,
आपल्या अस्मारात ब्याण्णवलाच.
म्हणून तर झाकणात स्प्रिंग असते.
दाबून धरलेलं पाणी उशिरा उकळतं.
"हो का," ती म्हणाली.
तीस वर्षं भूगोल शिकवलेली बाई.

एका शनिवारी सोबत गेलो.
येताना वळण आलं, गेलं,
दिवा मिटलेलाच.
त्याच्या पुढच्या शनिवारी उकळली.

मग जून महिन्यात गिंडाहून बसने येत होतो.
वळणावर तीच गाडी, मागचं झाकण वर, वाफ.
कठड्यावर लेतेब्रहान, चपला काढून,
फड्या निवडुंगाचं बोंड सोलत बसलेली,
काटे वाचवत, सावकाश,
जणू जगात तेवढंच एक फळ.
मी हात केला नाही.

खाली बहीण तीन वर्षं अंथरुणात,
हिलाच आई समजून हाक मारते.
वर मुलाची चार पोरं,
आणि पावासाठी पहाटेची रांग.
मध्ये हे वळण.
तापलेल्या इंजिनाचं झाकण उघडू नये,
अर्धा तास थांबावं,
हा नियम तिला मीच शिकवला होता.

सोमवारी गाडी आली. मी वाकलो.
रेडिएटरच्या झाकणाला दोन खटके असतात.
दुसऱ्यावर ते घट्ट बसतं, दाब धरतं.
हे पहिल्यावर होतं.
धुळीत बोटांच्या खुणा,
मेकॅनिकच्या नव्हेत, बारीक.

वायसर बदलला, त्याचेच पैसे घेतले.
म्हणालो, "दिवा लागला की लगेच थांबायचं.
एक वळणसुद्धा पुढे नाही. हेड वाकतं,
मग माझ्याही हातात काही राहत नाही."
"एकही नाही," ती म्हणाली,
आणि पहिल्यांदाच माझ्याकडे
उत्तर बरोबर आलेल्या मुलाकडे पाहावं तसं पाहिलं.

पुढच्या डिकीत पाण्याच्या दोन बाटल्या ठेवल्या.
झाकण लावलं.
किती फिरवलं ते सांगत नाही.

कॉफीवाल्याला सांगितलं:
जुनी गाडी, चढ फार.
माझ्याच्याने नाही झालं.