जास्तीचं ताट

दोन फेब्रुवारीला, मेणबत्त्यांच्या सणाला,
आम्ही झाड उतरवतो.
काचेचे गोळे जुन्या वर्तमानपत्रात,
टेबलक्लॉथखालचं मूठभर गवत गाईपुढे,
गव्हाणीतलं बाळ, मेंढरं, एक कान तुटलेलं गाढव
बुटांच्या खोक्यात, माळ्यावर.
त्या वर्षी सगळं गेलं.
ताट तेवढं राहिलं.

नाताळच्या आदल्या रात्री, पोलंडच्या या टोकाला,
बुग नदीच्या काठच्या गावांत
घरोघर एक ताट जास्तीचं मांडतात,
वाट चुकून कुणी आलंच तर.
कुणी येत नाही.
येत नाही म्हणूनच मांडायला बरं वाटतं.

मी उचलायला गेले, तर सासूबाई म्हणाल्या,
"असू दे ते."
"किती दिवस?"
त्या चुलीत लाकूड सारत होत्या.
"बेथलेहेममध्ये त्या दोघांनी दारं ठोठावली,
तेव्हाही सगळे असंच काहीतरी विचारत असतील, गं."

मग मी रोज ते मांडलं, रोज उचललं,
कुणी न जेवलेलं ताट रोज धुतलं.
धूळ बसते.
देवाच्या नावानं ठेवलेल्या ताटावरही बसते.
काठाला निळी रेघ, एका जागी टवका.
नवरा म्हणाला, आईचं वय झालंय.
मी म्हणाले, पाणी माझ्या हातांना गार लागतं.

मार्चमध्ये मीटर बघणारा आला,
बीटचं सार दोनदा मागून प्यायला
आणि युनिट लिहायचे विसरून गेला.

एप्रिलमध्ये हिएरोनिम. शेजारचा.
कुंपणापायी अकरा वर्षांचा अबोला.
आमची कोंबडी काखेत धरून दारात उभा.
सासूबाईंनी खुर्ची ओढली.
जेवताना दोघं एक शब्द बोलले नाहीत.
मीठ मात्र त्याच्या हाताशी सरकवलं गेलं,
आणि जाताना त्यानं ताट स्वतः विसळलं.
कुंपण अजून तिथंच आहे. तिरकं.

मे. जून. जुलै. ऑगस्ट.
धूळ.

ऑक्टोबरात, पहिलं दहिवर गोठलं त्या रात्री,
कुत्रा भुंकला नाही, नुसता उठून उभा राहिला.
जंगलातून आलेला मुलगा. सतरा-अठराचा.
मोज्यांऐवजी पायांना प्लास्टिकच्या पिशव्या.
त्याची भाषा आम्हाला येईना, आमची त्याला.
सीमेवरच्या चौकीचा नंबर फ्रिजवर चिकटवलेला होता
आणि माझा हात फोनवर.
हे मीच लिहायला हवं,
सासूबाई कधी सांगायच्या नाहीत.

त्यांनी डुकराचं मांस त्याच्यापुढून उचललं, न विचारता,
आणि तव्यावर चार अंडी फोडली.
सासऱ्यांचे लोकरी मोजे चुलीवर टांगले.
सासरे जाऊन नऊ वर्षं झाली होती,
मोजे कुठे ठेवलेत हे मला माहीत नव्हतं.

नाताळच्या रात्री आम्ही पांढरी, पापुद्र्याएवढी पोळी
एकमेकांच्या हातातून मोडून घेतो,
आणि जे वर्षभर बोललो ते मागे घेतो.
त्या मुलाला हे कुणी सांगितलेलं नव्हतं.
त्यानं पाव हातात घेतला, मोडला,
अर्धा माझ्यापुढे धरला.
माझ्या. त्या फोनवरच्या हातापुढे.

मी खाल्ला. बराच वेळ लागला गिळायला.

पहाटे तो गेला. कुठे, ते ठाऊक नाही.
पोचला का, तेही नाही.
मोज्यांची जोडी गेली, पिशव्या राहिल्या.
सासूबाईंनी त्या धुऊन दोरीवर वाळत घातल्या,
जणू कुणी मागायला येणार आहे.

यंदाच्या चोवीस डिसेंबरला आम्ही गवत पसरलं,
बारा पदार्थ झाले, पहिली चांदणी दिसली.
धाकट्यानं विचारलं, "यातलं जास्तीचं कुठलं?"
मी बघत राहिले.
सगळ्यांवर सुरीचे सारखेच ओरखडे.
शेवटी टवक्यावर बोट फिरवून ओळखलं.

आता फेब्रुवारी आहे. झाड उतरवलं.
गाढव खोक्यात गेलं.
ताट मांडून ठेवलंय.
पाणी अजूनही गार लागतं.