चार बोटं अलीकडे

माझा डावा डोळा जन्माचा आळशी.
दिसतं त्याला, पण तो कामावर येत नाही.
लहानपणी चहा ओतायचो
तो कपाच्या चार बोटं अलीकडे पडायचा,
मार मात्र नेमका बसायचा.

आणि आता बेलापूर गावात, झेरॉक्सच्या मागच्या गाळ्यात,
मीच सपाट फोटोंना खोली देतो.
पाटीच आहे तशी : थ्रीडी फोटो करून मिळतील.
बाळाचा पाय चौकटीबाहेर काढतो,
नवरदेवाची घोडी अर्धी भिंतीत, अर्धी हॉलमध्ये.
वाढदिवसाच्या फ्लेक्सवरच्या एका भाऊंचं बोट
मी इतकं पुढे आणलं होतं
की नाक्यावर रिक्षावाले मान वाकवून जायचे.

लाल-निळा चष्मा गिऱ्हाईक घालतं,
हरखतं, हवेत हात मारतं.
मी घातला की मला फक्त
लाल दुकान दिसतं.
लाल थर नऊ पिक्सेल डावीकडे,
हे मी पाढ्यासारखं पाठ केलंय.

एका डोळ्याला पुरतं ते मला कळतं.
जे झाकतं ते पुढे.
पारसिकचा डोंगर दुपारी फिकट होतो
तेवढाच तो लांब जातो.
आणि सावली टाचेपासून केसभर जरी सुटली
तरी माणूस तरंगायला लागतो,
मग त्याला कितीही ठळक करा.

दिवाळ्याची पदीबाई आली
ती मुलीचा मोबाइल पदरात बांधून.
नवऱ्याचा एकच फोटो, जेट्टीवरून भाच्याने काढलेला,
भर बारा वाजता :
खाजण, आभाळ, मध्ये जोमा नाखवा,
सगळं एकाच रंगाचं, एकाच अंतरावर,
इस्त्री केल्यासारखं.
"भाईर काढ त्याला," म्हणाली.

दोन रात्री बसलो.
पेन टूलने कडा कापली, कानामागचे केससुद्धा.
मागची तिवरं धूसर केली,
उजेड डावीकडून घेतला,
निवट्यांची टोपली चौकटीवर ठेवली
आणि त्याचा गुडघा चौकट ओलांडून
टेबलावर यावा इतका पुढे.
फोटोत गुडघ्याखाली काही नव्हतंच,
म्हणून पाय दुसऱ्या कुणाचे लावले.
खाली सावली, मऊ, चाळीस टक्के.
मलाच वाटलं, आता हा माणूस शिंकेल.

पदीबाई बघत राहिली.
मग म्हणाली, "पोरा, यो कोनाचा पाय?
यो रस्त्याव उबा केलास तू.
यो चिखलान उबा व्हता."
किती चिखलात, मी विचारलं.
तिने स्वतःच्या मांडीवर हात आडवा धरला,
जरा थांबून दोन बोटं वर सरकवला.
"हतपर. भरती लागली का आनखी."

मी माउस धरला.
उसने पाय पुसले.
सावली पुसली, गुडघा आत घेतला.
चिखलाचा थर त्याच्या थराच्या वर आणला
आणि मांडीपाशी कडा जराशी ओली, जराशी वाकडी,
चिखल माणसाला धरतो तशी.
एवढंच.
चौकटीबाहेर आता काहीच नव्हतं.

पण पडद्यात पहिल्यांदा
मला खाली काहीतरी वाटलं.
न दिसणारे दोन पाय,
त्यांच्या बोटांत गार गाळ,
गाळाखाली आणखी गाळ.
माझ्या खुर्चीची चाकं कुठे टेकलीत
ते मी वाकून पाहिलं.

प्रिंट निघाली. तिने ती समोरून बघितलीच नाही,
कडेने बघितली,
मासळी घेताना कल्ला उचलून बघतात तशी,
आणि पिशवीत उभी ठेवली.

पैसे द्यायला हात पुढे केला.
माझा हात नेहमीसारखा थांबला
नोटेच्या चार बोटं अलीकडे.
तिने विचारलं नाही काही.
टेबलावरून जरा वाकली,
मधलं अंतर तिनेच भरलं.