तृतीय पुरुष

वडाळा आरटीओच्या भिंतीला लागून माझं टेबल.
घडीचं. एक पाय विटेवर.
वर चिकटवलेला कागद: विमा, पीयूसी, नावबदल, पत्ताबदल.
एकोणीस वर्षं मी इथे बसून
न झालेले अपघात विकते.

सकाळी निहार खोत आला, राहणार कोकरी आगार,
पाठीवर खाण्याचा चौकोनी डबा, गरम.
मोबाइलवर चलान दाखवलं:
सायनचा सिग्नल, झेब्रावर पुढचं चाक,
हेल्मेट कोपरात अडकवलेलं.
फोटोत तो हसत होता. मी तारीख बघितली.
चलान भरशील, पण विमा कधीच संपलाय तुझा.
"सगळ्यात स्वस्त कुठला, ताई? थर्ड पार्टी?
त्यात मला काय मिळणार?"
काही नाही.
"मग?"

माझे वडील नायगावच्या म्युनिसिपल शाळेत व्याकरण शिकवायचे.
मी, आम्ही, प्रथम पुरुष. तू, तुम्ही, द्वितीय.
तो, ती, ते: तृतीय.
म्हणजे जो बोलण्यात हजर नाही
पण ज्याच्याविषयी बोलणं चाललंय.
विम्याचंही तसंच.
पहिला तू, दुसरी कंपनी, आणि तिसरा,
त्याचं नाव पॉलिसीवर कुठेच छापत नाहीत.
तो आत्ता कुठेतरी बशीतला चहा फुंकत असेल,
गॅसचा नंबर लागत नाही म्हणून करवादत असेल,
तुझ्या वाटेत अजून आलेला नाही.
कायदा म्हणतो, तुझी गाडी फुटली तर रडत बस,
आम्हाला देणंघेणं नाही,
पण त्याला विसरून रस्त्यावर उतरायचं नाही.
इतकं मायेचं वाक्य
राजपत्रात चुकून राहून गेलं असावं.

यातलं काही मी त्याला सांगितलं नाही.
ऑर्डर निवत होती.
म्हटलं, पोलीस धरतात. भर.

आणि हेही नाही सांगितलं,
की दोन हजार अकरात, पाच बागांच्या वळणावर,
स्कूटी माझी, पॉलिसी संपून नऊ दिवस,
आणि एजंट मीच. दिव्याखाली अंधार, तो असा.
एक गृहस्थ, पांढरा बुशशर्ट,
माझ्या आरशाचा धक्का लागून खाली बसले
फुटपाथच्या कडेला, सावकाश,
जणू बसायचंच होतं.
मी आधी मनात तारीख मोजली.
माणूस नंतर पाहिला.

ते उठले, पँट झटकली.
"काही नाही झालं. जा तू."
तू म्हणाले. आणि लंगडत, की नेहमीच तसे चालायचे, कोण जाणे,
दादरच्या दिशेने गेले.
रस्त्यात चष्म्याचं घर राहिलं,
आत माटुंग्याच्या दुकानाचं नाव, सोनेरी, अर्धं पुसलेलं.
चार दिवसांनी गेले तिथे.
दुकानदाराने वही काढली, बोट ओलं केलं,
विचारलं, "चष्म्याचा नंबर काय?"
मला कुठला ठाऊक.
हल्ली तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात.

प्रिंटरमधून कागद आला, ऊन ऊन.
नॉमिनी: आई, कुंदा खोत.
त्याने वाचला नाही, चार घड्या घातल्या,
हेल्मेट डोक्यावर चढवलं (माझ्यासमोर तरी),
आणि नाक्यावर लाल दिव्याला थांबला,
रेषेच्या वीतभर पुढेच.

समोरून एक बाई कोथिंबिरीची जुडी छातीशी धरून
रस्ता ओलांडत होती, त्याच्याकडे न बघता,
जसं आपण बघत नाही
आपल्यासाठी कुणी पैसे भरलेत त्यांच्याकडे.

मी पेनचं टोपण लावलं, पेन चष्म्याच्या घरात ठेवलं.
किंचित लांब होतं ते.
बसतं आता.