पेरिना आत्याचा दगड

नकाशात या बेटाला नाव आहे,
वस्तीची खूण नाही.
पोचलो तेव्हा चार वाजले होते.
पाणी इतकं नितळ की बोटीची सावली
बारा मीटर खाली वाळूत पडलेली,
आणि तिच्या कडेने समुद्रगवताचं कुरण.
तिथे नांगर टाकायचा नाही.
पिवळा बोया धरायचा, दोर ओवायचा, इंजिन बंद.

लिवेन आणि खोडेलीव्ह, घेंटहून आलेले नवरा-बायको.
आठवडाभर बोट त्यांच्या पैशाची, सुकाणू माझं.
त्याने विचारलं, इथे बर्फ मिळेल का?
म्हटलं, इथे माणूसच मिळत नाही.
तो हसला. मी विनोद केला नव्हता.

संध्याकाळी क्रशेवान आला उद्यानाची बोट घेऊन.
मुर्तेरच्या शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायचा,
आता टोपीवर सरकारी चिन्ह.
माणसं किती? तीन. रात्री? एक.
पावती फाडता फाडता पाढे म्हटल्यासारखं म्हणाला:
शंख नेऊ नका, शिंपले नेऊ नका,
फांदी तोडू नका, दगडसुद्धा उचलू नका.

"आणि आणलेला असेल तर?"

गोणपाटातून काढून दाखवला.
गोल पावाएवढा, तळाशी चपटा.
पेरिना आत्या पिंपात मिठाचे थर देऊन सार्डिन दाबायची,
वर लाकडी झाकण, झाकणावर हा.
बावन्न वर्षं त्याने दुसरं काही केलं नाही.
आजोबांनी इथल्याच गडग्यातून काढून नेला होता,
ज्या वर्षी इथल्या मेंढ्या विकल्या
त्या वर्षी.

दक्षिणेचा वारा सुटायच्या आदल्या दिवशी
दगडाला घाम यायचा.
आत्या त्यावर बोट फिरवून जिभेला लावायची
आणि खिडकीतून ओरडायची,
आज जाळी टाकू नका रे!
तिला रडताना कुणी पाहिलं नाही.
गल्लीत म्हणायचे, त्या घरात पाझर फुटतो
तो दगडालाच.

मार्चमध्ये ती गेली.
पिंप एका हॉटेलवाल्याने नेलं, त्यात जेरेनियम लावलंय.
दगड कुणी मागितला नाही.

क्रशेवानने वास घेतला, मान वळवली.
म्हणाला, नेण्याबद्दल दोन पानं नियम आहेत,
आणण्याबद्दल रकानाच नाही.
मग टोपी काढून डोकं खाजवलं.
"याची पावती देत नाही,"
आणि गेला.

गडगा टेकडीच्या पाठीवरून सरळ वर जातो.
चुना नाही, माती नाही,
दगडाने दगडाला धरलेलं.
वाटलं होतं, खाच लगेच ओळखू येईल,
पडलेल्या दातासारखी.
खाचा शंभर होत्या.
एकीतही तो बसेना.
उलटा करून पाहिला, आडवा करून पाहिला,
झाकणावर राहून राहून
त्याचा तळ गुळगुळीत झाला होता,
इतरांना धरायला त्याला काही उरलं नव्हतं.
शेवटी एका ऑलिव्हखाली ठेवला,
जेवायला बसताना कुणी
टोपी काढून बाजूला ठेवावी, तसा.

रात्री खोडेलीव्ह म्हणाली, किती शांत!
दोर तेव्हा बोयाशी कुरकुरत होता,
आणि मी त्याच्या कुरकुरीचे अर्थ लावत जागी.

सकाळी दुर्बिणीत तीन मेंढ्या.
कुणाच्या, कोण जाणे. नकाशात त्याही नाहीत.
त्यातली म्हातारी दगड चाटत होती,
डोळे मिटून, बराच वेळ.
बाकीच्या दोघी खोळंबलेल्या.

लिवेनने कॉफी ओतत विचारलं, आज वारा कसा?
फोनवरचा अंदाज मी वाचून दाखवला:
आकाश निरभ्र, वारा मंद.
वाचता वाचता हात
पायरीखालच्या कोपऱ्यात गेला, सवयीने,
रिकाम्या गोणपाटावर.

ओलं लागलं.

बोट जिभेला लावलं.
मग पुढे जाऊन दोराला
आणखी एक गाठ मारली.