गुण्या

बारावीला एक्क्याऐंशी टक्के पडले
आणि मी भोसरीच्या टूलरूममध्ये
शिकाऊ म्हणून नाव घातलं.
"एवढे गुण मिळवून हातोडा?"
पानसे काकूंनी जिन्यातच गाठलं,
"तिथं जाऊन काय दिवे लावणार आहेस?"

अप्पा काहीच म्हणाले नाहीत.
अप्पा विद्यापीठात, परीक्षा विभागात.
एकवीस वर्षं दुसऱ्यांच्या पदव्या
पुठ्ठ्याच्या नळकांड्यांत घालतात.
घालण्याआधी नाव वाचतात, मोठ्यानं,
काना, मात्रा, वेलांटी.
ऊर्मिलाचा ऊ ऱ्हस्व पडला
की अख्खा कागद परत छापायला.
एकदा जेवताना म्हणाले होते,
तुझी आली की मी स्वतः गुंडाळीन,
कुणाला हात लावू देणार नाही.
ते त्यांनी आता काढलं नाही.
अकरा दिवस नुसतं, मीठ दे. ताक दे.

मला तरी कुठं नीट सांगता येत होतं?
अकरावीत आईच्या शिलाई मशीनचा एक भाग तुटला,
कुठंच मिळेना.
कासारवाडीत पत्र्याच्या शेडमध्ये एका माणसानं
तुटका तुकडा तळव्यावर फिरवून पाहिला,
लेथला दांडा लावला,
निळसर गरम वेटोळी पायाशी पडत राहिली
आणि पंधरा मिनिटांत
जगात नसलेली वस्तू
आईच्या रुमालात होती.
बस्स, एवढंच.
फॉर्मवर 'कारण' असा रकाना होता,
मी लिहिलं, आवड.

पहिला महिना मशीनला हात नाही.
एक लोखंडी ठोकळा, एक कानस.
मुजावर सर मागून येऊन मनगट धरतात,
"ओढू नकोस. ढकल.
परत येताना दात चावत नाहीत."
माझ्या मापाचे सेफ्टी शूज
तिसऱ्या आठवड्यात आले.
तोवर पुढं कापड कोंबून चालले,
बदकासारखी, सतरा मुलांच्या देखत.
इरावती फर्ग्युसन रस्त्यावरून फोटो पाठवते,
कॉफी, कट्टा, कुणाचा तरी खांदा.
हेवा वाटतो. खोटं कशाला बोलू?
माझ्या फोटोत असतं काय,
नखांतलं काळं, आणि ते साबणानं जात नाही.

ठोकळा घासून झाला की गुण्या लावायचा
आणि ट्यूबकडे धरून बघायचं.
"उजेड दिसला की चूक," सर म्हणतात.
आणि दिसतोच.
केसाएवढा, कोपऱ्यात बसलेला, निर्लज्ज.
बारा वर्षं सगळे मला उजेडाकडे न्यायला निघाले होते,
इथं तो बुजवायचा असतो.
परत शिकंजा, परत कानस,
खांदा भरून येईतो.

विद्यावेतन झालं त्या रविवारी
बोहरी आळीत जाऊन स्वतःचा गुण्या घेतला.
दुकानदारानं विचारलं, भावासाठी का?
मी म्हटलं, नाही, आणि चारांतला एक
उजेडाला धरून निवडला.
तो पुढं काही बोलला नाही.

रात्री टेबलावर ठोकळा ठेवला होता,
सरांनी नापास केलेला, मागून आणलेला.
अप्पा पाणी प्यायला उठले.
उभ्या उभ्या हातात घेतला,
वजनाला दचकले.
"कसं बघतात हे?"
महिन्यातलं पहिलं लांब वाक्य.
मी दाखवलं. ही बाजू टेकवायची, ही मोकळी.
त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला,
एक डोळा मिटला,
ठोकळा स्वयंपाकघराच्या ट्यूबखाली धरला
आणि तसेच थांबले,
जसे नळकांड्यात घालण्याआधी
नावापाशी थांबत असतील.

आई म्हणाली, अहो, झोपा आता.

"थांब गं," ते म्हणाले,
"इथं वेलांटी सुटलीय."
आणि अंगठ्याच्या नखानं
बरोबर ती जागा दाखवली.