मधलं माहीत नाही

बेटापासून किनाऱ्यापर्यंत नऊ किलोमीटर गोठलेला समुद्र,
दोन्ही कडांना खोचलेल्या जुनिपरच्या फांद्या,
आणि सुरुवातीला एक फळा.
त्यावर रोज सकाळी सातच्या आत
एक आकडा लिहायचा, एवढीच नोकरी.
वाइकेची. मी तिची उमेदवार,
गिरमिट उचलणारी.

पहिल्या आठवड्यात मी लिहिलं: २२.३७.
खडूला टोक काढून, दशांशचिन्ह ठसठशीत.
वाइकेनं हातमोज्यानं सदतीस पुसले.
पट्टीवर अर्ध्या सेंटिमीटरच्या रेघा, म्हणाली,
भोकाची कड भुसभुशीत,
तुझे डोळे वाऱ्यानं पाणावलेले,
हे सदतीस आणलेस कुठून?
सात आकड्यांची सरासरी काढली होती मी,
भागाकारातून आले होते ते, आपसूक.
"भागाकाराला काय, तो बुडत नाही."

पाववाला राइवो काच खाली करून विचारायचा,
जाऊ ना?
ती जा म्हणायची नाही, नको जाऊस म्हणायची नाही.
"सात भोकं. सगळ्यात पातळ चौथं, बावीस.
साडेसहाला मोजलंय.
दोन भोकांच्या मधलं माहीत नाही."
राइवो वैतागायचा, एवढं लांबण कशाला, बाई,
हो की नाही ते बोल.
मग जरा वेळ स्टिअरिंगवर बोटं वाजवून
निम्मे क्रेट उतरवून ठेवायचा.

गावच्या कचेरीतून तार्मो आला एकदा
छापील पाटी घेऊन: सुरक्षित.
लोकांना सोपं हवं असतं, म्हणाला.
वाइकेनं पाटी उलटी केली. मागची बाजू कोरी होती, छान होती.
तिच्यावर तारीख, वेळ, बावीस.
"सोपं द्यावं. पोकळ का द्यायचं?"

फेब्रुवारीत एका पहाटे वारा असा,
की तोंड मिटलं तरी दात गार.
मी चौथं भोक टाळलं.
कालचा आकडा आज लिहिला: तेवीस.
तिनं माझ्याकडे पाहिलं, गिरमिटाकडे पाहिलं,
कशावरून कळलं कोण जाणे.
फळ्यावर 'बंद' लिहून चालायला लागली,
साडेचार किलोमीटर, मी मागे.
भोक पाडलं. पट्टी सोडली.
तेवीस.
मला हसूच फुटलं. बघ! बरोबरच होतं ना!
ती पट्टी पुसत राहिली.
"बरोबर होतं," म्हणाली. "खरं नव्हतं."
परतताना एक शब्द नाही.
पाव त्या दिवशी दुपारी पोचले.

आता चार हिवाळे झाले, समुद्र गोठलाच नाही.
फळा कोळ्यांच्या शेडमध्ये आहे,
त्याच्यावर माशांचे भाव.

मागच्या आठवड्यात वाइकेला इस्पितळात नेलं.
तरुण डॉक्टर, मऊ आवाज:
तसं काळजीचं काही नाही, बघू या, होईल बहुतेक ठीक.
ती पुढे वाकली.
"कुठं कुठं भोक पाडून पाहिलंत?"
त्याला कळेना. मग मी सांगितलं,
समुद्र, गिरमिट, सात जागा, पाववाला.
त्यानं मऊ आवाज बाजूला ठेवला,
कागद ओढून यकृत काढलं, बेढब,
त्यात पेन्सिलीचे तीन ठिपके.
इथं आहे. इथं नाही.
इथं शंका आहे, मंगळवारी पुन्हा बघायचं.
थांबला. पेन्सिल ठिपक्यांच्या मध्ये अधांतरी.
"मधलं माहीत नाही."
सकाळपासून पहिल्यांदा
वाइकेची पाठ खुर्चीला टेकली.
"वर तारीख घाला," म्हणाली,
आणि कागदाची घडी खिशात ठेवली.

संध्याकाळी गाडी फेरीबोटीत चढवली.
तिनं पट्टा सोडला, काच खाली केली,
बर्फाच्या रस्त्यावर करतात तसं,
गाडी खाली गेलीच तर बाहेर पडता यावं म्हणून.
वाइके, खाली बर्फ नाही,
असं मी म्हटलं नाही.
तिला ते दिसत होतं.