दाखल नोंद

कूलरमधला वाळा सुकलाय. अमरावती रोड तापून पांढरा.
खोक्यात आतापर्यंत: वसतिगृहाच्या मेसची वही,
चोवीस मार्चनंतर नुसत्या रेघा.
सोनकुसरे सरांचा तास, फक्त आवाज,
मध्येच कुकरची शिट्टी
आणि ‘ऐकू येतंय का?’ सतरा वेळा.
मी मोजलं. मोजायचंच काम आहे माझं.

आज एक मुलगी आली,
ओढणीत गुंडाळलेलं गेटचं रजिस्टर घेऊन.
तापमानाच्या रकान्यात सगळे सारखे, ९७.४:
कुलसचिव, दूधवाला, मीसुद्धा.
‘मशीन त जूनमधीच बिघडली होती.
बाबा म्हने, रकाना खाली ठेवाचा नाही.’

देणाऱ्याचं नाव?
म्हणाली, निनावे.
मी लिहिलं: निनावी.
तिनं त्या वेलांटीवर बोट ठेवलं.
‘आडनाव आहे मॅडम. पाचपावलीचे आम्ही.’

खोडून लिहिलं.

शेवटच्या पानावर त्यांच्याच अक्षरात त्यांचं नाव.
आत: सकाळी सात दहा. तापमान: ९७.४.
बाहेर

पेन्सिल हातात धरून मी बराच वेळ बसले.
मग शिक्का मारला, पानाच्या मागे,
शाई पुढे उमटणार नाही इतका हलका.